सहा क्रेडिटांचे चार

१

दोन क्रेडिट चोरीला गेले होते.

सायकल गेली की माणूस रिकामी जागा तरी दाखवतो, कुलूप कसं तुटलं ते सांगतो. इथं दाखवायला काही नव्हतंच. परवापर्यंत संगणकाच्या पडद्यावर ‘पाणी तपासणी’ या विषयापुढं सहा दिसत होते, आता चार दिसत होते. एवढीच चोरी. पण तेवढ्यानं एका मुलीची पदवी अडली होती.

ती मुलगी ताईंच्या खोलीत उभी होती. ताई म्हणजे विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार अधिकारी. हे पद कायद्यानं निर्माण करावं लागलं म्हणून केलेलं, आणि तेही हात आखडूनच. ताईंना कुणालाही प्रश्न विचारता यायचा, हुकूम मात्र कुणालाच सोडता यायचा नाही. खोली जिन्याखाली होती. वर कुणी चढायला लागलं की बोलणं थांबवावं लागे.

“बस गं,” ताई म्हणाल्या. “खुर्ची डुलते, पण पाडत नाही.”

मुलगी बसली. हडकुळी, खांद्याला पट्ट्याचे वळ. नमुन्याच्या बाटल्यांची तिच्याहून जड पेटी सतत खांद्यावर, म्हणून वर्गानं तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली होती, आणि आता तीही स्वतःला मुंगीच म्हणायची.

“सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचंय, मॅडम. पाणीपुरवठ्यात तपासनीस. पदवी दाखवली नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला.”

“वर्गात बाकी कुणाचं अडलंय?”

“नाही. सगळ्यांनी एकेक जास्तीचा विषय घेतला होता, हाताशी असावा म्हणून. मी बेरजेला पुरतील तेवढेच क्रेडिट घेतले. आईला डायलिसिसला न्यावं लागतं. जास्तीचं झेपलं नसतं.” ती थांबली. “त्या नोकरीत आईचा इलाज खात्याकडून होतो. म्हणून ती नोकरी.”

पदवी म्हणजे आजकाल ज्ञानबिन काही नसतं. क्रेडिटांची बेरीज असते. पोरगं काय शिकलं हे कुणी विचारत नाही, किती तास घासलं ते विचारतात. तासांचे क्रेडिट, क्रेडिटांची पदवी. वाण्याच्या दुकानात निदान तराजू समोर टांगलेला असतो.

“विषय जड होता का गं?”

“छे. आठवड्याला सहा तास.”

उत्तर इतकं चटकन आलं, की ताईंना क्षणभर बरंच वाटलं. घाबरलेली पोरं सहसा अडखळतात.

“हे कुणी केलं मला माहितीय, मॅडम,” मुंगी खाली वाकून हळू म्हणाली. “यादीत माझ्या खाली जो आहे ना, त्याचा सख्खा मामा संगणक कक्षात बसतो.”

२

संगणक कक्ष म्हणजे शीतपेटी. यंत्रांना ताप येऊ नये म्हणून माणसं कुडकुडत होती. मामा स्वेटर घालून, मफलर बांधून बसला होता, आणि ताईंनी तोंड उघडायच्या आतच भडकला.

“या, या! मला माहीतच होतं, चौकशी पहिली माझ्याच दारात येणार! भाचा काय झाला, गुन्हाच झाला माझा.”

“मी अजून काही विचारलं नाही.”

“विचारायला कशाला पाहिजे? अहो, मला भाच्याचं भलं करायचं असतं तर त्याचे वाढवले असते की! बघा.” त्यानं पडदा ताईंकडं वळवला. “त्याचेही चार. या पोराचे चार, त्या पोरीचे चार. अख्ख्या वर्गाचे सहाचे चार झालेत. तिची एकटीची चोरी नाही ही.”

ताई गप्प राहिल्या. त्या कधी टिपणं घेत नसत. हातात पेन दिसलं की माणूस आकसतो, आणि गप्प बसलं की सैल सुटतो, हे त्यांनी नोकरीत शिकलेलं एकमेव तंत्र.

“आणि मला काय माहीत, कुणाकडं जास्तीचे आहेत आणि कुणाकडं नाहीत?” मामाची गाडी सुटली होती. “मी आकडा टाकत नाही, ताई. आकडा मोजमाप समितीकडून येतो. मी फक्त दार उघडून त्याला आत घेतो. मला शिपाई म्हणा, चोर म्हणू नका.”

भाचा बाहेरच भेटला. दिवसभर वाद घालतो म्हणून त्याला बॅरिस्टर म्हणत. बोटं मात्र जिभेहून चपळ. त्याच्याइतक्या झटपट नमुने कुणी तपासत नाही, असं वर्गात सगळे म्हणायचे.

“तुम्हाला वाटतं मी तिची नोकरी खाल्ली?” त्याचे डोळे लाल झाले होते. “अहो, तिनं मला पिपेट धरायला शिकवलंय! मी आधी कोकच्या नळीसारखा ओढायचो.”

“मला काहीच वाटत नाही. तुला किती तास लागायचे या विषयाला?”

“आठवड्याला सहा.”

“रविवारी सुट्टी?”

“कसली सुट्टी! शनिवारी प्लेटा उबवणपेटीत ठेवल्या की रविवारी काढून मोजायला लागतात. जंतू काय कॅलेंडर बघून वाढतात?” तो हसला आणि एकदम थबकला, जणू जीभ चावली गेली. मग घाईनं म्हणाला, “तुम्ही प्रमुखबाईंना विचारा ना. मुंगीनं आपल्या वसतिगृहाच्या टाकीचं पाणी तपासलं होतं. त्यात काय निघालं आणि बाई तिला काय म्हणाल्या, ते विचारा.”

३

प्रमुखबाई विभागाच्या प्रमुख होत्याच, वर मोजमाप समितीच्याही अध्यक्षा. खोलीत भिंतभर रंगीत स्तंभालेख. एकही पुस्तक नाही.

“टाकीत विष्ठेचे जंतू निघाले,” त्या सरळ म्हणाल्या. “आणि त्या बयेनं ते आधी मला न सांगता वसतिगृहाच्या दारावर चिकटवलं. पालकांचे फोन, वरून बोलावणं, सगळं मी झेललं. मला ती मुलगी आवडत नाही. लपवत नाही मी.”

“मग?”

“मग काय? आवडत नाही म्हणून मी आकड्याला हात लावीन?” बाईंचा आवाज खराच दुखावलेला होता. “ताई, हे मोजमाप मी उभं केलंय. पूर्वी ज्याला वाटेल तो वाटेल तेवढे क्रेडिट लावायचा. एकाच्या सहामध्ये पोरं झोपा काढायची, दुसऱ्याच्या चारमध्ये मरायची. आता सत्र संपलं की मुलांनाच विचारतो, किती तास लागले? त्याची सरासरी निघते. एका क्रेडिटला आठवड्याचा दीड तास. नऊ तास भरले, सहा क्रेडिट. या वर्गानं सहा तास सांगितले. सहाला दीडनं भागा.”

“चार.”

“चार. मी कमी केले नाहीत, ताई. मुलांनी जेवढं सांगितलं तेवढंच दिलं.”

“आणि जास्त तास निघाले असते तर?”

“तर विषय अतिभारित. शिक्षकाला आधी समज, पुन्हा तसंच आलं तर विषय दुसऱ्याकडं. नियमात दोन्ही बाजू लिहिल्यात. कुणी वाचत नाही, हा माझा दोष?”

जुन्या हिशेबात पोरं मरत होती ते कमी व्हावं, म्हणून बाईंनी हे उभं केलं होतं. हेतूत खोट नव्हती. आता पोरं कुठं मरतात तेवढं फक्त पडद्यावर दिसत नव्हतं.

ताईंचा एक संशयित असा हातातून गळला. आकड्यालाच देव मानणारी बाई आकड्याला डाग लावणार नाही. मामा तर दारवानच.

“मुलांनी खोटं सांगितलं असेल तर?” ताईंनी विचारलं.

प्रमुखबाई पहिल्यांदा हसल्या. “मुलं खोटं सांगतात, ताई. पण वाढवून सांगतात. आम्ही किती राबलो बघा म्हणून. कमी सांगून कुणाच्या पदरात काय पडणार?”

हा प्रश्न ताई बरोबर घेऊन बाहेर पडल्या. जिना उतरेपर्यंत तो त्यांना पायातल्या खड्यासारखा टोचायला लागला होता. कारण प्रश्न चोख होता, आणि त्याला उत्तर असणार होतं.

४

वर्गातला सगळ्यात संथ मुलगा म्हणजे निवांत. नावच तसं पडलं होतं. तो कॅन्टीनमध्ये सँडविचचा एकेक कोपरा कुरतडत बसला होता. ताई समोर येऊन बसल्या, तरी त्याला ते कळायला वेळ लागला.

“मॅडम! तुम्ही... घेणार?”

“खा तू. पाणी तपासणीला किती तास लागायचे रे तुला?”

“आठवड्याला सहा,” निवांत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं इतक्या झटकन उत्तर दिलं असेल.

“वा. मग चपळच आहेस की. लोक उगाच नावं ठेवतात.”

“नाही हो, खरंच संथ आहे मी.” कौतुक त्याला सहन होईना. “बाटल्या निर्जंतुक करायच्या असतात ना, धुवायच्या, वाफेत ठेवायच्या, थंड करायच्या. त्यातच माझी दुपार जायची. मग नमुने आणायला पहाटे जायचं. गावाबाहेरच्या विहिरी, नळकोंडाळी. आल्यावर सहा तासांच्या आत तपासायला घ्यावंच लागतं, नाहीतर नमुना फुकट. दोनदा माझा गेला. परत पहिल्यापासून.”

“रविवारी?”

“रविवारी प्लेटा. बॅरिस्टर तासाभरात उरकायचा, मी संध्याकाळपर्यंत ठिपके मोजत बसायचो. मुंगी डबा द्यायची.”

ताई त्याच्याकडं बघत राहिल्या. एक पोरगं विजेसारखं, दुसरं गोगलगायीसारखं. दोघांच्या तोंडी एकच आकडा. एखाद्या गोष्टीला किती वेळ लागला हे खरंखुरं आठवून सांगायला लागलं, तर दहा माणसं दहा आकडे सांगतात. कुणी डोकं खाजवतं, कुणी ‘साधारण’ म्हणतं. इथं कुणी ‘साधारण’ म्हणत नव्हतं. आकडा आठवलेला नव्हता. पाठ केलेला होता.

“निवांत,” त्या हळूच म्हणाल्या, “हे सहा तुम्हाला कुणी सांगितले?”

त्याच्या हातातलं सँडविच ताटलीत पडलं.

“कुणी नाही.”

“बाळा, मी तुला काही करणार नाही. करूच शकत नाही.”

“आम्ही शपथ घेतलीय, मॅडम.” त्यानं ताटली दूर सारली. “आजोबांसाठी.”

५

आजोबा म्हणजे पाणी तपासणीचे प्राध्यापक. निवृत्तीला टेकलेले, पांढऱ्या झग्याच्या खिशात कायम चष्म्याची एक मोकळी काच घेऊन फिरणारे. प्रयोगशाळेत ओळीनं बाटल्या वाळत होत्या, वाफेचा आणि साबणाचा वास होता. उबवणपेटी कोपऱ्यात घुरघुरत होती.

“भार मोजण्याची चौकशी का?” ते खिन्न हसले. “या वेळचा आकडा मला अजून कळवलेला नाही. पण काय असायचाय? मागल्या वर्षी समज मिळाली. तुमचा विषय अतिभारित आहे म्हणे. आणखी एकदा तसं आलं की दुसऱ्या कुणाला देणार.”

“कमी का नाही केलात?”

“काय कमी करू, सांगा ना. पहाटेचा नमुना कमी करू? मग पोरगी नोकरीला लागली की दुपारी कोमट झालेलं पाणी तपासून ‘पिण्यास योग्य’ असं लिहील. रविवारची मोजणी काढू? पाणी काय आपली सवड बघून बिघडतं?” त्यांनी एक बाटली उजेडात धरली, डाग दिसला, परत बेसिनमध्ये ठेवली. “माझा हट्ट आहे, मान्य. पण मुलांना छळायला मी रात्री जागून बेत करत नाही हो.”

“हे सगळं मुलांना सांगितलंत?”

“छे! दया मागितल्यासारखं होईल ना ते.”

“कुणालाच नाही?”

आजोबा जरा ओशाळले. “एकदा बोलून गेलो. रविवार होता. मला बरं वाटत नव्हतं. म्हटलं, तास या वेळीही जास्त भरले तर पुढच्या वर्षी ही पेटी दुसरंच कुणी उघडेल. ती एकटीच होती मोजायला. काही बोलली नाही, ठिपके मोजत राहिली. तिला ऐकूही गेलं नसेल.”

“कोण?”

ताईंना उत्तर माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, कारण कधी कधी माणसाला वाटतं, विचारलं तर उत्तर बदलेल.

“अहो, आपली मुंगी,” आजोबा म्हणाले. “दुसरी कोण रविवारी सगळ्यांच्या आधी येणार?”

६

डायलिसिस केंद्राच्या प्रतीक्षागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना पट्टीनं जोडल्या होत्या. एक माणूस हलला की सगळी रांग हलायची. काचेच्या दारापलीकडं यंत्रं संथपणे रक्त फिरवत होती. मुंगी गुडघ्यावर आईची शाल घेऊन बसली होती.

“सापडला?” तिनं ताईंना पाहताच विचारलं. “चोर सापडला, मॅडम?”

“सापडला.”

“बॅरिस्टर?”

“नाही. त्याचेही दोन गेलेत, आणि त्याच्या मामाला तुझी बेरीज माहीत नाही. प्रमुखबाईही नाहीत. त्यांचा तुझ्यावर राग आहे, पण आकड्यावर श्रद्धा त्याहून मोठी आहे.” ताई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. “आकडा तुमच्याकडूनच गेला गं. वर्गाकडून. प्रत्येकानं सहा तास सांगितले. तूही मला पहिल्याच दिवशी न अडखळता सहा म्हणालीस. जो पहाटेपासून रविवार संध्याकाळपर्यंत राबतो तो सहा म्हणतो, आणि जो तासात उरकतो तोही सहा म्हणतो, म्हणजे ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. का ठरवलं? तास जास्त दिसले तर विषय आजोबांच्या हातून जाणार होता. आणि ते फक्त एका मुलीला माहीत होतं.”

मुंगीच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता.

“हो, मीच सांगितलं सगळ्यांना,” ती म्हणाली. “पण त्याचा माझ्या क्रेडिटांशी काय संबंध? ते तर फक्त भार बघायला असतं ना?”

ताईंनी सांगितलं. जास्त तास निघाले तर शिक्षक जातो, हा नियमाचा एक भाग. कमी निघाले तर क्रेडिट घटतात, हा दुसरा. त्याच वर्गाचे, त्याच सत्राचे. पहिला भाग आजोबांच्या तोंडून तिच्या कानावर आला होता. दुसरा कुणी वाचलाच नव्हता.

“सहाच का म्हणालीस गं? दुसरा कुठलाही आकडा चालला असता.”

“सहा क्रेडिटांचा विषय, म्हणून सहा तास. वाटलं, चोख बसेल, कुणाला शंका येणार नाही.” तिनं शाल मुठीत धरली. “किती म्हणायला पाहिजे होतं?”

ताई काचेच्या दाराकडं बघायला लागल्या.

“मॅडम, किती?”

“नऊ.”

“नऊ,” मुंगी म्हणाली. “नऊसुद्धा खोटंच होतं. आम्ही पंधरा-सोळा तरी राबायचो. नऊ म्हटलं असतं तर सरही राहिले असते आणि...” तिला हसू आलं, ते भलतीकडंच वळलं, आणि तिनं शालीत तोंड खुपसलं. खुर्च्यांची रांग हलली. टोकाला बसलेला एक म्हातारा विनाकारण हेलकावे खात राहिला.

काचेचं दार उघडलं. आई बाहेर आली, दंडाला पट्टी, भिंत धरून.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही, आई.” मुंगी उठली, शाल तिच्या खांद्यावर घातली. “विद्यापीठातल्या मॅडम आहेत. नोकरीची चौकशी करायला आल्यात.”

“देव भलं करो तुमचं,” आई ताईंना म्हणाली.

७

ताई पुन्हा प्रमुखबाईंसमोर बसल्या, या वेळी प्रश्न न विचारता. जे होतं ते सगळं त्यांनी ठेवलं, फक्त नावं न घेता.

प्रमुखबाईंनी ऐकून घेतलं. त्यांची नजर भिंतीवरच्या स्तंभालेखाकडं गेली.

“हे तुम्ही मला लेखी देणार आहात?” त्यांनी विचारलं.

“दिलं तर?”

“तर खोटी माहिती पुरवल्याचं कलम. चौकशी संपेपर्यंत अख्ख्या वर्गाचा निकाल थांबणार. खरे तास नोंदवले की विषय अतिभारित, तेही दुसऱ्यांदा. सरांना या वर्षीच बाजूला व्हावं लागेल, आणि मुलांना त्यांनीच पढवलं असेल असा आरोप येईल तो वेगळा.”

“आणि तिचे दोन क्रेडिट?”

“ते नाही परत मिळणार.” बाईंचा आवाज खाली गेला. “घट लगेच लागू होते. वाढ पुढच्या वर्गापासून. मीच लिहिलंय. कुणी मागाहून तास फुगवून क्रेडिट उकळू नयेत म्हणून.”

“म्हणजे खरं बोललं की सगळे बुडणार, आणि ती तर तरीही बुडणारच.”

“मला काही सुचत नाहीये, ताई. खरंच. पुढच्या सत्रात दोन क्रेडिटचा एकच विषय उघडतोय. तो घेतला तर पदवी होईल.”

“कोणता?”

प्रमुखबाईंनी नजर चुकवली. “वेळेचं नियोजन.”

ताईंना ओरडावंसं वाटलं. कुणावर? समोरची बाई चोर नव्हती. मामा चोर नव्हता. ज्या पोरांनी एका म्हाताऱ्या मास्तराला वाचवायला स्वतःचे कष्ट निम्म्याहून कमी करून सांगितले, ती तर नव्हतीच नव्हती. तासाला किंमत लावली की माणूस तास लपवायलाही शिकतो, हे न कळणारं एक घोडं सगळ्यांनी मिळून खोगीर चढवून उभं केलं होतं, आणि ज्या पोरीच्या अंगावरून ते गेलं तिला वर त्याच्या नालांची संख्या मोजायला सांगत होते.

जिन्याखालच्या खोलीबाहेर वर्ग जमला होता. प्रमुखबाईंचं उत्तर ताईंनी मुंगीला आधीच फोनवर कळवलं होतं. बॅरिस्टर पुढं, निवांत त्याच्या मागं, मुंगी भिंतीला टेकून.

“आम्ही सगळे लिहून देतो, मॅडम,” बॅरिस्टर म्हणाला. “आत्ता. निकाल अडले तर अडू देत.”

“काही देणार नाही तुम्ही,” मुंगी म्हणाली.

“तू गप्प बस गं!”

“मी गप्प बसले तर सगळेच बुडाल. मग आता तरी ऐक.” ती पुढं आली. “तुमचे निकाल जातील, सर जातील, आणि माझं काही येणार नाही. विचारा मॅडमना.”

सगळ्यांनी ताईंकडं पाहिलं. ताईंनी मान हलवली. तेवढीच त्यांची सत्ता होती.

“मग मी ती नोकरी घेणार नाही,” बॅरिस्टर म्हणाला. “देवाशपथ नाही घेणार.”

“घे रे येड्या. तू नाही घेतलीस तर तुझ्या खालचा घेईल. त्याला पिपेटही धरता येत नाही.”

निवांत जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्यानं गुडघ्यात डोकं घातलं. वरून कुणीतरी उतरत आलं, त्याला ओलांडून गेलं.

शनिवारी दुपारी मुंगी प्रयोगशाळेत बाटल्यांची पेटी परत करायला गेली. ताई बरोबर गेल्या. का गेल्या, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकटीनं जाऊ नये एवढंच वाटलं.

आजोबा दारातच भेटले. झग्याची बटणं उलटसुलट लागलेली, चेहरा उजळलेला. तरुण दिसत होते.

“या, या! आकडा कळला बरं का माझा! सहा तास! अतिभारित तर नाहीच, उलट हलका निघाला. चार क्रेडिटचा झाला म्हणे.” ते हसले. “होईना का! क्रेडिट काय चाटायचेत? इतकी वर्षं मनात सल होता हो, की मी पोरांना पिळतो. आणि ही पोरं! सहा तासांत सगळं उरकत होती. असा हुशार वर्ग मला उभ्या आयुष्यात मिळाला नाही.”

ताईंनी तोंड उघडलं. मुंगीनं त्यांचं मनगट धरलं.

“सोमवारी रुजू ना गं?” आजोबांनी विचारलं. “पहिल्याच दिवशी घाई करू नकोस. नळ सोडल्यावर बाटली लगेच खाली धरायची नाही. आधी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं.”

“हो, सर,” मुंगी म्हणाली. “वाहू देईन.”

“शाब्बास. आणि आता आलाच आहात तर जरा हात लावा. मी ठरवलंय, पुढच्या वर्गाला दोन प्रयोग वाढवायचे. वेळ आहे की पोरांकडं! हे टेबल तिकडं खिडकीशी घेऊ, म्हणजे नवीन मांडणीला जागा होईल.”

ते टेबलाच्या एका टोकाला जाऊन उभे राहिले. दुसऱ्या टोकाला दोघी गेल्या, आणि तिघांनी मिळून ते उचललं.